वहिनींनी न टाइप केलेला शब्द

गुरुवारी दुपारी आमच्या स्टोअरच्या फोनवर धुळ्याहून अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. धुळ्याच्या एका कॉलेजात भाषाविज्ञान शिकवता शिकवता निवृत्तीला टेकलेले. फोनवर ते नेहमी ओरडून बोलतात, कारण त्यांना कमी ऐकू येतं आणि जगात सगळ्यांनाच तसं येत असणार अशी त्यांची समजूत आहे. त्या दिवशी मात्र आवाज हळू होता. "बाळू, सुमन गेली," ते म्हणाले. "झोपेतून उठलीच नाही." मी म्हणालो, "बरं. मग मी रविवारी येतो." आणि फोन ठेवला. पुढ्यात बेअरिंगांच्या पेट्या होत्या, त्या मोजायला लागलो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, कोणाचा फोन? मी म्हणालो, "वहिनी वारल्या," आणि पुढची पेटी उघडली. तेव्हा त्याने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि मला घरी पोचवलं. बायको दारातच म्हणाली, "अहो, रविवारी काय? आत्ता निघायचंय." तोवर मला खरोखर कळलेलं नव्हतं. आताही पूर्ण कळलंय असं नाही. भुसावळजवळच्या आमच्या दीपनगर वीजकेंद्राच्या कॉलनीत राखेचा एक थर कायम सगळ्या वस्तूंवर असतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर. तसं काहीसं माझ्या अंगावर बसलंय आणि झटकायची इच्छा होत नाही.

धुळ्याच्या घरी पोचलो तेव्हा ओटा माणसांनी भरला होता. वहिनींच्या माहेरचे लोक शिंदखेड्याहून आधीच आले होते. पुढच्या खोलीत अण्णांचा संगणक त्याच्या टेबलावर झाकून ठेवलेला होता. ते झाकण वहिनींनी आपल्या जुन्या जांभळ्या लुगड्याचं शिवलेलं. काठ बरोबर पुढे यावा अशा बेताने कापलेलं. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागून ते तिरकं झालं होतं. माणसं रडत होती, अण्णा भिंतीला टेकून बसले होते, आणि मी ते झाकण सरळ करत होतो. एकदा केलं, मागे सरून पाहिलं, पुन्हा थोडं डावीकडे ओढलं. नातेवाइकांत माझी ख्याती गोष्टी सांगणारा, लग्नाच्या पंगतीत लोकांना हसवणारा अशी. त्या दिवशी सगळे अधूनमधून माझ्याकडे बघत होते, हा आता काहीतरी बोलेल म्हणून. मी काठ सरळ केला. तेवढंच माझ्याच्याने झालं.

"रविवारी येतो" हे वाक्य तोंडात इतकं का बसलं होतं, ते सांगायचं तर आमच्या वडिलांच्या नावापासून सुरुवात करावी लागेल. आमचं गाव रावेरकडचं, केळीच्या बागांमधलं. वडिलांना सगळा गाव आबा म्हणायचा, पण त्यांचं नाव सुपडू. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना सुपड्यात, म्हणजे धान्य पाखडायच्या सुपात ठेवलं आणि नाव सुपडू पाडलं. आमच्याकडे असे सुपडू घरोघर सापडतात. आता आमच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत आणि सासऱ्याचं तर नाहीच. नुसतं नावच नाही, त्या नावासारखा वाजणारा शब्दही नाही. वहिनी लग्न होऊन आल्या आणि त्यांच्या नशिबी हा शब्द आला. दिवसातून चार वेळा हातात घ्यायची वस्तू आणि तिचं नाव घ्यायची सोय नाही! सुपडं लागलं की त्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक करायच्या, म्हणजे ते द्या. मी तेव्हा मिसरूड फुटलेला दीर. मुद्दाम लोटी नेऊन द्यायचो, मग चाळण, मग पाटा उचलायचा आव आणायचो. "वहिनी, नाव सांगितल्याशिवाय कळणार कसं?" त्या पुन्हा टकटक करायच्या, या खेपेला माझ्या डोक्यावर.

त्या शिंदखेड्याच्या, म्हणजे बोली खानदेशी, आहे म्हणायचं तिथे सगळीकडे शे शे. आमच्या रावेरकडची बोली वेगळी. सुरुवातीला घरात त्यांच्या बोलण्याची फार नक्कल व्हायची, आणि पुढाकार अर्थात माझा. एकदा जेवताना आबांनी ताट बाजूला सारलं. "ती शे म्हन्ते, तू हाये म्हन्तो. पोट दोघांचं भाकरीनंच भरतं ना?" त्या दिवसापासून आबा वहिनींशी बोलताना मुद्दाम शे म्हणायला लागले. चुकीच्या ठिकाणी म्हणायचे, वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या, पण म्हणायचे. आबा गेल्यावर आईच एकदा म्हणाली होती, "आता म्हण गं तू, कोण ऐकायला बसलंय." वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, अक्का. तेवढंच तर माझ्याकडे आहे त्यांचं." मला ते तेव्हा नीट समजलं नाही. मी समजण्याच्या बाबतीत पहिल्यापासून मालगाडी आहे.

अण्णांना बोलींचं वेड लागलं ते ऐंशीच्या सुमारास. उन्हाळ्याची सुटी लागली की खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ते शिंदखेडा, साक्री भागातल्या खेड्यांत हिंडायचे. त्यांना बायकांचं बोलणं हवं होतं, कारण पुरुष शहरी माणूस दिसला की पुस्तकी बोलायला लागतात. पण पॅन्टीतल्या सरांपुढे बायका तोंड उघडेनात. मग वहिनी बरोबर जाऊ लागल्या. त्या ओट्यावर बसून बायकांबरोबर डाळीतले खडे निवडायला लागायच्या आणि गप्पा आपोआप सुरू व्हायच्या. अण्णा मध्येच घरातली एकेक वस्तू उचलून विचारायचे, याले काय म्हणतस? एका सुटीत मीही पिशव्या धरायला गेलो होतो. अण्णांनी सुपडं उचलून विचारलं तर एक आजीबाई पोट धरून हसली. "या सरले सुपडं बी माहीत नही का वं माय! कसा व्हयना हाऊ मास्तर?" अण्णांनी ते हसणंसुद्धा टेप केलं. अशा कॅसेटी साठत गेल्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांमध्ये, कपाटावर, पलंगाखाली. पुढे दहाबारा वर्षं त्या तिथेच राहिल्या.

मग संगणक आला, आणि त्यात एक सॉफ्टवेअर, खास उच्चारांच्या अभ्यासाचं. कॅसेट त्याला ऐकवली की आवाज पडद्यावर वेड्यावाकड्या रेघेसारखा उमटायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणालो, "अण्णा, या बाईचं हृदय उत्तम आहे." अण्णा हसले नाहीत, वहिनी हसल्या. त्या रेघेवर दोन उभ्या खुणा ओढून शब्दाची सुरुवात आणि शेवट दाखवायचा आणि खालच्या पट्टीत तो शब्द टाइप करायचा, इंग्रजी अक्षरांत, कारण त्या यंत्राला आपली अक्षरं माहीत नव्हती. प्रत्येक कॅसेटची अशी एक वेगळी फाइल: कुठून, कुठपर्यंत, काय बोललं. आता एखादा शब्द सगळ्या कॅसेटींत कुठे कुठे आलाय ते पाहायचं तर एकेक फाइल उघडून डोळे फोडावे लागत. म्हणून अण्णांनी महिनोन् महिने खपून सगळ्या फाइलींची मिळून एक सूची बांधली. जाड पुस्तकाच्या शेवटी असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर, तशी. फक्त पानाऐवजी कॅसेट आणि तिच्यातली जागा. शब्द टाइप केला की यादी समोर यायची, आणि यादीतल्या ओळीवर जाऊन बटण दाबलं की ती बाई तो शब्द बोलून दाखवायची. एका मागोमाग एक, वेगवेगळ्या गावांतल्या बायका तोच शब्द म्हणताहेत… मी भुसावळचा स्टोअरकीपर, हजारो नटबोल्ट कप्प्यांत लावून ठेवणारा माणूस. मला सूचीचं कौतुक अण्णांच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त होतं.

पण खुणा ओढायला कान लागतात, आणि नेमके तेच अण्णांना दगा देऊ लागले होते. बारीक आवाज त्यांना येईनासे झाले. ते कबूल करेनात. टीव्ही गल्लीभर ऐकू जाईल एवढा लावायचे आणि हेडफोन खराब आहे म्हणायचे. एके दिवशी वहिनींनी तो हेडफोन त्यांच्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर चढवला. "द्या इकडे. तुम्ही नुसतं काय करायचं ते सांगा." आणि त्या करायला लागल्या. वहिनी शिवणकाम करणाऱ्या. कापड कापताना शिलाईपुरती जागा सोडायची त्यांच्या हाताला सवय, तशी त्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडायच्या. अण्णा म्हणायचे, इतकी नको. त्या म्हणायच्या, "पुढे कोणाला सैल करायचा झाला तर?" संगणकाच्या वर अण्णांनी पुठ्ठ्यावर एक नियम लिहून चिकटवला होता: जे ऐकू येतं ते लिहायचं, जे माहीत आहे ते नाही. खोकला, कोंबडी, भांडं पडणं, जे बोलणं नाही त्या जागी नुसती चांदणी काढायची. चांदणी सूचीत येत नसे. वहिनींनी सगळे नियम पाळले. एका शब्दापुरता सोडून.

ते उघडकीला आलं ते एका व्याख्यानात. सूचीवरून, आणि पूर्वेकडच्या छापील नोंदींवरून, अण्णांनी खानदेशचे नकाशे केले होते. कुठे डोळा म्हणतात, कुठे डोया, कुठला ड कसा उच्चारतात, असं बरंच काही. त्यातल्या एका नकाशात पश्चिम खानदेश कोरा होता. तिकडच्या बायका सुपडं हा शब्द वापरतच नाहीत, असं अण्णांनी, एकेकाळी स्वतः ऐकलेल्यापेक्षा सूचीवर भरवसा ठेवून, भर सभेत सांगितलं, कारणमीमांसाही केली, गुजरातकडून आलेल्या प्रभावापर्यंत जाऊन आले. शेवटी मागच्या रांगेतले एक टोपीवाले शेतकरी उठले. "सर, तुम्ही म्हणता तर ते खरंच असेल. पण मग आमच्या घरी भिंतीला काय टांगलेलं असतं?" सभागृह हसलं. अण्णा घरी आले ते सरळ पुढच्या खोलीत गेले. योगायोगाने मी त्या दिवशी गावाकडून केळीचा घड घेऊन आलो होतो. अण्णांनी संगणक लावला, शब्द टाइप केला. यादी रिकामी. मग डब्यातून एक कॅसेट काढून सरळ टेपरेकॉर्डरवर घातली, आवाज पूर्ण मोठा. ती आजीबाई खणखणीत आवाजात म्हणाली, सुपडं. गल्लीतल्या निम्म्या घरांनी ऐकलं असेल. अण्णांनी त्या जागी फाइलमध्ये काय लिहिलंय ते पाहिलं. लिहिलं होतं, पाखडणं.

"सुमन!"

वहिनी आतून आल्या. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद साफ करत होत्या, हातात तेच सुपडं.

"या बाईने काय म्हटलंय?"

"तेच की. पाखडायचं."

"तिने सुपडं म्हटलंय."

"म्हणू दे. तिच्या सासऱ्यांचं नाव वेगळं असेल."

मी केळीच्या घडाआड तोंड लपवलं. अण्णांचा चेहरा मात्र उतरला होता. सगळ्या कॅसेटींत, सगळ्या गावांत, जिथे जिथे बायका तो शब्द बोलल्या तिथे तिथे वहिनींनी शांतपणे पाखडणं लिहून ठेवलं होतं. "अगं, ती इंग्रजी अक्षरं आहेत! त्यात आबांचं नाव कुठे आलं?" वहिनी म्हणाल्या, "इंग्रजीत लिहिलं म्हणून माणूस बदलतो का? कॉलेजच्या पाटीवर तुमचं नाव इंग्रजीत आहे, तर घरी जेवायला दुसरंच कोणी येतं का?" अण्णांनी कपाळाला हात लावला. सुपडं गेलं तर गेलं, पण एका शब्दाला असं झालं तर बाकीच्या सूचीवर विश्वास कोण ठेवणार? सगळ्या आयुष्याचं काम, पुस्तक छापखान्याच्या दारात. ते म्हणाले, "ठीक आहे. यंत्राला सांगतो, सगळी पाखडणं काढ आणि सुपडं घाल." तेव्हा वहिनीच घाबरल्या. "तसं नका करू! काही बायका खरंच पाखडणं म्हणाल्यात. पाखडायच्या कामाला. ते बी पुसलं जाईल." म्हणजे प्रत्येक जागा पुन्हा ऐकून ठरवणं आलं. "तू ऐकून सांगशील?" "सांगेन की." "कसं सांगणार? तोंडाने म्हणायचं नाही, हाताने लिहायचं नाही!" वहिनींनी सुपडं खाली ठेवलं आणि टेबलावर बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक केलं. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. अण्णा टाइप करताना प्रत्येक अक्षर पहिल्यांदाच भेटल्यासारखं शोधत बसतात, आणि ते दोघं शेजारी बसले की एकेका खुणेवरून वाद. मी कधीतरी जळगावला टायपिंगची परीक्षा दिली होती आणि त्याची फुशारकी घरात सगळ्यांना ऐकवून झाली होती. गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पण मी कुठला गप्प बसणार?

तर असे ते रविवार सुरू झाले. भुसावळहून एसटीने जळगाव, पारोळा करत धुळं, एक शब्द टाइप करायला. ऑफिसात कोणी विचारलं, सुटीत कुठे जाता, तर मी म्हणायचो, संशोधनाला. वहिनी हेडफोन लावून डोळे मिटून बसायच्या. मी शेजारच्या खुर्चीत, बोटं कीबोर्डवर. एक पाखडणं यायचं, त्या मान हलवायच्या, म्हणजे ते खरं पाखडणं, पुढे चला. दुसरं यायचं, टक टक, मी सुपडं टाइप करायचो. मला काही ऐकू येत नसे, हेडफोन एकच. म्हणजे माझे कान त्यांच्या बोटांत होते. हळूहळू टकटक झाली की मेंदूला न विचारता बोटं तो शब्द लिहायला लागली. थोडे दिवस तर घरी कोणी दार वाजवलं तरी माझी बोटं हलायची. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवा. प्रत्येक दुरुस्तीनंतर सूची नव्याने बांधावी लागे. यंत्र घरघरत बसायचं, तोवर चहा. वहिनी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "व्हई गयं का बठ्ठं?" म्हणजे झालं का सगळं, आणि नेमकी तेव्हाच वीज जायची. अर्धी बांधलेली सूची वाया, पुन्हा पहिल्यापासून. वहिनी अंधारात म्हणायच्या, "भाऊ, तुम्ही इकडे येऊन बसलात. तिकडे दीपनगरला वीज कोण बनवतंय?" मी सांगायचो, मी वीज बनवत नाही हो, मी स्टोअरमध्ये आहे. "मग तर तुमच्याकडे शिल्लक असेल. येताना थोडी आणत जा."

पुस्तक थांबलं होतं, छापखान्यातून निरोप येत होते, पण अण्णाही त्या रविवारांवर खूश होते असं मला वाटायचं. दाराशी वर्तमानपत्र घेऊन बसायचे, त्यांना टकटक ऐकू येत नसे, पण माझी बोटं हलली की मान डोलवायचे. आबांचं नाव घेण्याचं काम त्यांच्या दोन मुलांतल्या एकाला लावून वहिनींनी स्वतःची मर्यादा सांभाळली होती, आणि सूचीही दुरुस्त होत आली होती. शेवटच्या त्या रविवारी डब्याच्या तळाच्या काही जुन्या कॅसेटी राहिल्या. वहिनींनी हेडफोन काढून ठेवला. "आता पुरे. या पुढच्या रविवारी. या पहिल्या पहिल्या आहेत, यांच्यात मीच जास्त बडबडलेय. तुम्ही ऐकाल तर हसाल." मला डब्यात ठेचा आणि भाकरी बांधून दिली. दारापर्यंत आल्या. मी म्हणालो, रविवारी येतो. त्या म्हणाल्या, या…

दिवसकार्य झालं. माणसं गेली. अण्णांनी संगणकाचं झाकण काढलं नाही. फोनवर मला म्हणाले, "तो नकाशा मी पुस्तकातून काढून टाकतोय. सूचीही. अर्धवट दुरुस्त झालेली छापण्यापेक्षा नको." मी विचारलं, किती राहिलंय? "राहिलंय थोडंच. पण ऐकणार कोण? मला येत नाही आणि तुला कळत नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी म्हणालो, "रविवारी येतो." या वेळी काय बोलतोय ते मला माहीत होतं.

गेलो. झाकण मीच काढलं, घडी घालून ठेवलं. हेडफोन डोक्यावर चढवला तर तो मला घट्ट झाला, त्यांच्या मापाचा होता. तो सैल करावासा वाटेना, तसाच बसलो. पहिलं पाखडणं आलं, गेलं. मी बसलेलो. मग लक्षात आलं की मी टकटक व्हायची वाट पाहतोय. कानात शब्द स्पष्ट आला होता, पण बोटं काही हलेनात. त्यांना कानाचं ऐकायची सवयच नव्हती. पुन्हा मागे गेलो, पुन्हा ऐकलं, सुपडं, आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं, अगदी अण्णांसारखं. अण्णा शेजारी, वहिनींच्या खुर्चीत, पडद्यावरची रेघ बघत होते. दुपारभर असंच चाललं. जुन्या टेपमध्ये वहिनींचा आवाज मधूनमधून होता, तरुण, जरा घाई करणारा. हसायला आलं नाही. काहीच आलं नाही. मी शब्द शोधत राहिलो, कारण तेवढंच काम होतं.

शेवटच्या कॅसेटमध्ये शिंदखेड्याजवळच्या कुठल्याशा गावातल्या बायका होत्या, वहिनींच्या माहेरच्या ओळखीतल्या असाव्यात. एक म्हातारी घरातल्या वस्तू दाखवत होती. सुपडं म्हणाली, मी टाइप केलं. मग ती म्हणाली, "आनि तू वं सुमन? तुना सासरले याले काय म्हणतस?" बाकीच्या बायका खुसुखुसू हसायला लागल्या. त्यांना अर्थात सासऱ्यांचं नाव माहीत होतं. आणि मग बांबूच्या पातळ कामट्यांवर बोटाच्या पेरांनी दोनदा, टक टक. सगळ्या जणी एकदम हसल्या. म्हातारी म्हणाली, "समजनं वं माय, समजनं!" फाइलमध्ये त्या जागी वहिनींनी नियमाप्रमाणे चांदणी काढलेली होती. बोलणं नाही म्हणून. माझी बोटं मात्र टकटक ऐकताच हलली होती. चांदणीच्या जागी शब्द टाइप होऊन गेला, आणि मी त्याकडे बघत बसलो.

अण्णांना ऐकू आलं नव्हतं, पण रेघ दिसत होती. नुसत्या दोन उभ्या काड्या. "हे काय? हा शब्द नाही. काहीतरी वाजलंय इथे." मी हेडफोन काढला आणि काय वाजलंय ते मोठ्याने सांगितलं. म्हातारीचा प्रश्न सांगितला, हसणं सांगितलं. अण्णांनी वरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. जे ऐकू येतं ते लिहायचं, जे माहीत आहे ते नाही. त्या नियमासाठी त्यांनी विद्यार्थ्यांचे प्रबंध परत पाठवलेले आहेत.

"काय लिहिलंस तू?"

"सुपडं."

"हं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "हं. राहू दे."

सूची बांधायचा हुकूम त्यांनी स्वतः दिला, एका बोटाने. यंत्र घरघरायला लागलं. चहाचं कोणी विचारलं नाही. त्या दिवशी वीज गेली नाही. मला वाटतं जायला हवी होती, म्हणजे निदान बोलायला काही मिळालं असतं. सूची झाली. अण्णांनी शोधाच्या चौकटीत तो शब्द टाइप केला, प्रत्येक अक्षर शोधून. यादी आली, पश्चिम खानदेशातल्या सगळ्या गावांची, वरून खाली भरलेली. ते एकेका ओळीवर जाऊन बटण दाबू लागले. साक्रीकडची बाई म्हणाली, सुपडं. दुसरी म्हणाली. ती पोट धरून हसणारी आजीबाई म्हणाली. मला सगळं ऐकू येत होतं, त्यांना काही नाही. शेवटच्या कॅसेटच्या त्या ओळीशी येऊन ते थांबले आणि आवाज बाहेर काढणाऱ्या त्या छोट्या खोक्यावर डाव्या हाताचा तळवा सपाट ठेवला. उजव्या हाताने बटण दाबलं.

"आलं," ते म्हणाले.

मी कप घ्यायला आत गेलो. चहा मीच टाकणार होतो. स्वयंपाकघरात सुपडं भिंतीच्या खिळ्याला तसंच होतं, कडेच्या विणीत उडदाची साल अडकलेली. हल्ली अण्णा गिरणीतून तयार पीठ आणतात. भिंतीचा रंग त्याच्या शेजारी एका ठिकाणी गेलेला आहे, बोटाएवढा. मी पातेलं शोधत होतो, आणि बाहेरून अण्णा नेहमीसारखे ओरडले, "बाळू, पुन्हा लावतो रे!" मी कपबशा धरून उभा. टक टक ऐकू आलं, आणि हातातल्या बशीवर माझी बोटं हलली, एकेक अक्षर, अगदी बिनचूक.